उन्हाळ्याचा बंदोबस्त : एका शहराने दुसऱ्या शहरास काय शिकविले

शेतकीच्या मासिकात शहरांच्या कारभाराविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. आमचे उत्तर असे की, चैत्र ते ज्येष्ठ ह्या महिन्यांत आपल्या शेतकऱ्यास शेतातील उन्हापेक्षा शहरातील ऊन अधिक बाधते. शेतात निदान बांधावरच्या निंबाची सावली असते, आणि वखर केव्हा सोडावयाचा हे त्याच्या स्वतःच्या हाती असते. बाजाराच्या आवारात तूर-हरभऱ्याची गाडी उभी करून लिलावाची वाट पाहताना ह्या दोहोंपैकी एकही गोष्ट नसते. शिवाय आपल्या घरची तरणी मुले उन्हाळ्यात नागपूर, पुणे, सुरत येथे इमारतींच्या कामांवर जातात. शहराने उन्हाचा बंदोबस्त केला आहे की नाही, हा म्हणून आपल्याही घरचा प्रश्न आहे.

सुमारे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आमच्या जिल्ह्यातील एका बाजार समितीच्या आवारात आम्ही घरचा हरभरा घेऊन गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास पोती वाहणारा एक हमाल, वय चाळिशीच्या आतबाहेर, एकाएकी असंबद्ध बोलू लागला व भिंतीशी जाऊन बसला. दारू प्याला असेल असे समजून कोणी तिकडे लक्ष दिले नाही. काही वेळाने तो आडवा झाला, तेव्हा माणसे जमली. कोणी त्याच्या नाकाशी कांदा धरला, कोणी तोंडात पाणी ओतले, कोणी चपला हुंगविल्या. दवाखान्यात नेईपर्यंत दीड तास गेला, आणि सायंकाळी तो वारला. मृत्यूच्या नोंदीत पुढे 'हृदयक्रिया बंद पडून' असे कारण आले.

त्या वेळी आम्ही महसूल खात्याच्या नोकरीत होतो. सांगावयास संकोच वाटतो, पण त्याच महिन्यात उष्माघाताच्या प्रतिबंधाविषयीचे परिपत्रक आमच्या टेबलावरून गेले होते, आणि 'माहितीस्तव, दप्तरी दाखल' असा शेरा लिहून आम्हीच ते फाइलीस लावले होते. कारकुनी रीतीने पाहता शेऱ्यात चूक काही नव्हती. परिपत्रकात 'योग्य ती कार्यवाही करावी' एवढेच होते. ती कोणी करावी, कोणत्या दिवशी करावी, ऊन किती अंशांवर गेले म्हणजे करावी, ह्यांतले काहीच नव्हते. निवृत्तीनंतर ह्या विषयावरचे वाचन हाती घेतले, तेव्हा कळले की ज्या शहरांनी माणसे वाचविली त्यांनी ह्याच तीन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेविली, आणि मग ती दुसऱ्या शहरांस दिली.

पुढे जाण्यापूर्वी त्या हमालाच्या बाबतीत काय करावयास हवे होते ते सांगतो, कारण लेखाचा बाकीचा भाग कोणी वाचला नाही तरी एवढे वाचावे. उन्हात श्रम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. शरीराची उष्णता अशा वेळी ४० अंश सेल्सिअस, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहूनही वर गेलेली असते. अंगास घाम सुटला असला तरी फसू नये. त्यास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतीत राहून वारा घालावा, आणि बर्फ मिळाल्यास मान, काखा व जांघा येथे ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकास दूरध्वनी एकाने करावा, परंतु गाडी येईपर्यंत बाकीच्यांनी पाणी ओतणे थांबवू नये. खिशात कांदा बाळगण्याची आपल्याकडील चाल आम्हीही पाळीत असू. कांदा भाकरीबरोबर खावा; खिशातला कांदा ऊन अडवीत नाही.

उन्हाळे पूर्वीही कडक होतेच, असे म्हातारी माणसे म्हणतात, व ते खोटे नाही. परंतु भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या सरासरी उष्णतेचे सर्वांत तप्त साल २०२४ हे निघाले. शहरात ह्यावर आणखी भर पडते : डांबर, काँक्रीट व पत्रे दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता सोडीत राहतात. दिवसाचे ऊन देह सोसतो ते रात्रीच्या गारव्याच्या भरवशावर. तो गारवाच मिळाला नाही म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे पडू लागतात.

ह्या ज्ञानाचा प्रवास आम्ही अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरापासून आरंभितो. १९९३ च्या जुलैत तेथे उन्हाची मोठी लाट आली. तेथील मृत्युपरीक्षकाच्या कचेरीने ठरविले की, मृताचे अंग तापलेले सापडले तरच उष्णतेचा मृत्यू धरावयाचा, ही जुनी रीत अपुरी आहे. बंद खिडक्यांच्या तापलेल्या खोलीत माणूस मृत आढळला आणि दुसरे सबळ कारण नसेल, तर तोही उष्णतेचाच बळी धरावा. अशा मोजणीने आकडा ११८ झाला. इतर शहरांस तो फुगविलेला वाटला. वस्तुतः माणसे तेथेही मेली होती, फक्त वहीत दुसऱ्या सदराखाली गेली होती. आमच्या हमालाची नोंद वाचकांनी येथे आठवावी.

मोजणी खरी झाली म्हणून उपाय सुचला. १९९५ च्या उन्हाळ्यापासून फिलाडेल्फियाने आगाऊ इशाऱ्याची व्यवस्था सुरू केली. इशारा निघाला की काय काय घडावयाचे हे आधीच ठरलेले असे : वृद्धांसाठी दूरध्वनीवर सल्ला देणारी माणसे बसावयाची, गल्लीगल्लीतील पुढाऱ्यांनी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन पाहावयाचे, आणि त्या दिवसांत बिल थकले म्हणून कोणाची वीज किंवा पाणी तोडावयाचे नाही. पुढे अभ्यासकांनी हिशेब केला, त्यात १९९५ ते १९९८ ह्या चार वर्षांत सुमारे ११७ जीव वाचल्याचा अंदाज निघाला. उलट, त्याच १९९५ च्या जुलैत त्याच देशातील शिकागो शहरी ७०० हून अधिक माणसे उन्हाने दगावली. शेजारच्या शिवारात विहिरीला पाणी लागले म्हणून आपल्या विहिरीत ते आपोआप येत नाही, तसाच हा प्रकार.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद शहरी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. मागच्या व पुढच्या वर्षीचा मे महिना धरून जी सरासरी निघते, ती ३,११८ होती. म्हणजे १,३४४ मृत्यू अधिक झाले. हा आकडा कोणत्याही एका दवाखान्यात सापडण्यासारखा नव्हता. जन्ममृत्यूच्या बुकातील तीन वर्षांचे मे महिने एकाखाली एक मांडले तेव्हाच तो दिसला. आयुष्यभर बुके लिहिणाऱ्या आमच्यासारख्यास ह्या हिशेबाचे फार वाटले. पुष्कळदा आपण नोंद लिहितो आणि वाचीत मात्र नाही.

नंतर अहमदाबाद महानगरपालिका, गांधीनगर येथील भारतीय लोकस्वास्थ्य संस्था (डॉ. दिलीप मावळंकर हे तिचे संचालक होते), आणि न्यूयॉर्क व अटलांटा येथील काही संस्था व विद्यापीठे यांनी मिळून २०१३ साली उष्णतेच्या बंदोबस्ताची योजना तयार केली. दक्षिण आशियातील ही अशी पहिली योजना. अमेरिकेतील अनुभव जाणणारी माणसे टेबलाशी होती. तथापि अमेरिकेची योजना जशीच्या तशी उचलली गेली नाही, हे ह्या गोष्टीचे मर्म आहे. फिलाडेल्फियात मरत होते ते विटांच्या घरांत वरच्या मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध. अहमदाबादेत वृद्ध होतेच, पण त्यांच्याबरोबर हातगाडीवाले, बांधकामाचे मजूर, आणि पत्र्याखाली राहणाऱ्या बायका व तान्ही मुलेही होती. थंड हवेच्या यंत्रांची सभागृहे येथे कोठून आणावयाची? म्हणून बागा दुपारी उघड्या ठेवणे, पाणपोया, देवळांचे मंडप, मोबाइलवर संदेश, आणि वस्तीत फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, अशी तेथल्या मातीतली साधने योजिली.

एक लहानसे उदाहरण देतो. शहरातील एका रुग्णालयात नवजात बालकांचा विभाग अगदी वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता, आणि २०१० च्या लाटेत तेथील बाळांस उष्णतेची बाधा झाली. पुढे हा विभाग खालच्या मजल्यावर आणिला. ह्यास लागला तो खर्च सामान हलविण्याचा! असे उपाय एका शहरातून दुसऱ्यास कळविण्याजोगे असतात, आणि मोठ्या अहवालांत तेच हरवतात.

योजनेचा कणा म्हणजे तीन आकडे. दुसऱ्या दिवशीचा कमाल पारा ४१.१ ते ४३ अंश असावयाचा असेल तर पिवळा इशारा, ४३.१ ते ४४.९ असेल तर नारिंगी, आणि ४५ किंवा त्याहून अधिक असेल तर तांबडा. इशारा निघाला की महानगरपालिकेतील एक नेमलेला अधिकारी रुग्णालये, पाणीपुरवठा, वीज कंपनी, रुग्णवाहिका, मजूर खाते यांस कळवितो, आणि प्रत्येकाने काय करावयाचे ते आधीच कागदावर असते. २०१४ व २०१५ ह्या दोन सालांचा अभ्यास होऊन वर्षाकाठी सरासरी १,१९० मृत्यू टळले असा अंदाज प्रसिद्ध झाला. त्या अंदाजाची खालची मर्यादा १६२ व वरची २,२१८ इतकी लांब-रुंद आहे, हेही सांगितले पाहिजे. पण खालचा आकडा खरा धरला तरी तो थोडा नव्हे.

जुन्या वाचकांस ह्यात काही ओळखीचे दिसेल. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ साली नमुन्याचे दुष्काळ-नियम तयार होऊन प्रांतोप्रांती गेले, व प्रत्येक प्रांताने त्यावरून आपापले नियम बनविले. कोणती लक्षणे दिसली म्हणजे तपासणीची कामे काढावी, कोणत्या अधिकाऱ्याने कोणास कळवावे, असे सर्व त्यांत असे. परक्या सरकारने ते किती मनापासून पाळले हा वेगळा विषय आहे, व त्याविषयी आमचे मत चांगले नाही. परंतु काम कसे लिहून ठेवावे, ह्याचा तो नमुना होता. उन्हाचा बंदोबस्त हा त्याच जातीचा कागद आहे.

अहमदाबादेहून ही योजना २०१६ साली आपल्या नागपुरास आली, त्याच सुमारास ओरिसात भुवनेश्वरास गेली, आणि त्याच साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सर्व देशासाठी मार्गदर्शक सूचना काढिल्या. आज अशा योजना पुष्कळ शहरांच्या, जिल्ह्यांच्या व राज्यांच्या दप्तरी आहेत. 'दप्तरी' हा शब्द आम्ही जाणून वापरिला. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च ह्या संस्थेने १८ राज्यांतील ३७ योजना तपासून २०२३ साली अहवाल दिला. स्थानिक पाहणीवरून आपला आकडा ठरविलेल्या योजना ३७ पैकी अवघ्या १० आढळल्या. धोका कोणास अधिक आहे ह्याची पाहणी केलेल्या २. आणि पैसा कोठून येणार ह्याचा उल्लेख केलेल्या ११. म्हणजे बहुतेकांनी कागदाची नक्कल घेतली आणि त्यातील कष्टाचा भाग तेवढा वगळला.

आकडा आपला असणे का महत्त्वाचे, हे शेतकऱ्यास आणेवारीच्या उदाहरणाने चटकन कळेल. (हल्ली तीस पैसेवारी म्हणतात, आमच्या तोंडी जुनाच शब्द आहे.) शेजारच्या तालुक्याची आणेवारी आपल्या गावास लावली तर आपण कचेरीवर मोर्चा नेऊ. पन्नास पैशांची रेघ सर्वत्र एक असली, तरी पीककापणी ज्या त्या गावच्या शेतातच करावी लागते. पर्जन्यमापकाचेही तेच. मंडळाच्या ठिकाणी पाऊस पडला आणि आपले शिवार कोरडे राहिले, तर विम्याच्या वेळी काय हाल होतात ते आपण भोगले आहेत. उन्हाची गोष्ट ह्याहून निराळी नाही. हवामान विभागदेखील उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी मुलखात ४० अंशांपासून, समुद्रकिनाऱ्यावर ३७ पासून आणि डोंगराळ भागात ३० पासून सुरू करतो. कारण हवेत दमटपणा असला म्हणजे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही म्हणजे अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथील उघड्या मैदानावर मोठा सरकारी समारंभ झाला, तेथे उन्हाने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी त्या भागातील पारा ४० च्या आत होता. अहमदाबादेच्या आकड्याने पाहिले असते तर तेथे पिवळा इशाराही निघाला नसता. कोकणाने वऱ्हाडचा आकडा घेऊ नये, आणि वऱ्हाडाने कोकणाचा. घ्यावयाचा तो आकडा काढण्याचा मार्ग.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी अशी आहे. अहमदाबादेने २०१७ साली गरीब वस्तीतील सुमारे ३,००० घरांच्या छपरांवर पांढरा चुना लावविला. पांढरे छप्पर ऊन परतविते, म्हणून आतली खोली कमी तापते. तेलंगण राज्याने २०२३ साली ह्यासाठी धोरणच आखिले. आता, गोठ्याच्या पत्र्यास वरून चुना द्यावा किंवा पऱ्हाट्या व कडबा पसरावा, हे ह्या मासिकाच्या वाचकांस कोणत्या शहराने शिकवावयास नको! दुभती म्हैस उन्हाने दूध चोरते हे आपण जाणतो, आणि तिच्यासाठी पत्र्यावर कडबा टाकतो. पण त्याच पत्र्याखाली शेजारच्या खोलीत बाळंतीण निजलेली असते, तिचे छप्पर तसेच राहते. सकाळी लवकर कामास लागून भर दुपारी विसावा घेण्याची आपली रीतही शहरांनी अलीकडे मजुरांसाठी नियम म्हणून स्वीकारिली आहे. ज्ञान एकाच दिशेने वाहते असे नाही.

शहरांचे संघ हल्ली पुष्कळ आहेत. २००५ साली लंडनच्या पुढाकाराने १८ मोठ्या शहरांचा मेळ जमला, तो पुढे सी-४० नावाने वाढला. मुंबई त्यात असून तिने २०२२ साली आपला हवामान आराखडा प्रसिद्ध केला. अमेरिकेतील रॉकफेलर न्यासाने २०१३ साली शंभर शहरांचा संघ उभारिला. पुणे, सुरत, चेन्नई त्यात होती. २०१९ साली न्यासाने पैसा आवरता घेतला आणि तो कारभार बंद झाला. ह्या संघांच्या परिषदांस जाणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे, पण देणगीवर चालणारा पत्रव्यवहार देणगीबरोबर संपतो हेही दिसले. आणि तालुक्याच्या गावास ह्या संघांत कोण घेणार? तीस हजार वस्तीच्या बाजारपेठेचे नाव लंडनच्या यादीत येणार नाही. आपणच शेजारच्या तालुक्यास पत्र लिहिले पाहिजे.

म्हणून आमच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक टिपण ठेविले आहे. तालुक्याच्या गावाची मागील दहा वर्षांची मार्च ते जूनची मृत्युनोंद नगरपरिषदेकडून तारीखवार उतरून घ्यावयाची. नावे नकोत, आकडे पुरेत. महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा त्याच तारखांचा कमाल व किमान पारा शेजारी मांडावयाचा. केंद्र गावाबाहेर असल्यास दोन-चार अंशांचा फरक पडू शकतो, म्हणून ह्या उन्हाळ्यात बाजाराच्या शेडमध्ये आपलाही एक उष्णतामापक टांगावयाचा आणि रोज दुपारी तीन वाजता वाचावयाचा. कोणत्या अंशापासून मृत्यू वाढू लागतात ते ह्या दोन रकान्यांवरून ढोबळ मानाने दिसेल. लहान गावात मृत्यू थोडे असल्याने एका वर्षाच्या आकड्यावर विसंबता येणार नाही. दोन-तीन तालुक्यांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या तर हिशेब पक्का होईल. शेजाऱ्यास पत्र लिहावयाचे ते ह्यासाठीच.

आकडा ठरला की त्या दिवशी लिलाव पहाटे सहास सुरू होऊन अकरास थांबावा, दुपारी पोती उचलणे बंद असावे, आणि त्याबद्दल हमालाची मजुरी बुडू नये. हा शेवटचा मुद्दा बैठकीत सर्वांत अधिक वादाचा झाला, व अद्याप सुटलेला नाही. अडते म्हणतात की, दुपारचे काम सायंकाळी करून घेऊ. हमाल म्हणतात की, सायंकाळी गाड्याच येत नाहीत. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि शेतकऱ्यांनी गाड्या पहाटे किंवा सायंकाळी आणण्याचे कबूल केल्यावाचून तोड निघणार नाही, असे आमचे मत आहे. इशाऱ्याचा दूरध्वनी घेण्यासाठी एक माणूस व तो रजेवर असता दुसरा, अशी दोन नावे आवाराच्या फलकावर लिहिण्यास मात्र समितीने मान्यता दिली असून, रांजण, बर्फाची पेटी व एक खाट ठेवण्यासाठी वजनकाट्याजवळची खोली मोकळी केली आहे.

ज्या वाचकांच्या बाजारपेठेत अशी काही व्यवस्था आधीपासून असेल, त्यांनी ती कशी चालते, तिला वर्षाकाठी किती खर्च येतो आणि ती कोठे अडते, हे तिन्ही आम्हांस कळवावे. विशेषतः ती कोठे अडते हे. मृत्युनोंदीचा उतारा मिळविण्यास कोणता अर्ज करावा ह्याचा मसुदा आम्ही तयार केला असून, तो संस्थेच्या कचेरीत विनामूल्य मिळेल. उतारे फाल्गुन अखेरपर्यंत हाती आले तर चैत्राच्या अंकात आकड्यांचे कोष्टक देता येईल.